तंजावरचा ‘अर्धा तास’

कामानिमित्त तंजावरला गेलेल्या मराठी माणसाला यजमान हमखास सांगतात, “काम उरकलं की देऊळ दाखवतो, अर्ध्या तासात होतं.” या वाक्याचा मला अजून राग आहे. वेळ नसतो, ही सबब खोटी. वेळ असतो, पण भलत्या प्रहरी दिला जातो. मीटिंग जेवणासाठी सुटली की गाडी निघते आणि नेमकं तेव्हाच, साडेबाराच्या सुमारास, बृहदीश्वराचं देऊळ बंद होतं. चारनंतर उघडतं, तोवर फरशी तापून अनवाणी पाय ठरत नाहीत आणि त्रिचीचं विमान गाठायची घाई मागे लागलेली असते. उलट पहाटे सहाला देऊळ उघडं असतं आणि तेव्हा कुणाचीच मीटिंग नसते. ती सकाळ निघण्याआधीच मागून घ्या. जाड मोजे आणि पाणी जवळ असू द्या.

गाइड मात्र सकाळीही तेवढाच वैताग देतो. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, ही भाकडकथा तो रंगवून सांगतो. (पडते. उन्हात उभं राहून कुणीही पाहावी.) पण राजराज चोळाने 1010च्या सुमारास पूर्ण केलेल्या या देवळाच्या आवारात, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, हे तो सांगतच नाही. ज्यांना तो वाचता येईल त्यांनाच तिथून हाकलत पुढे नेतात! गाइडला रोज मराठी गिऱ्हाईक मिळत नाही, हे मान्य. म्हणून ‘मराठा इन्स्क्रिप्शन’ कुठे आहे ते आपणच विचारायचं.

कंपनीने कामाला पाठवलंय, यात्रेला नाही, असं कुणी म्हणेल. मग तंजावर चित्रांच्या आणि डोलत्या बाहुल्यांच्या दुकानात तास घालवताना काम आडवं कसं येत नाही? धावतं दर्शन काहीच न पाहण्यापेक्षा बरं, हेही देवळापुरतंच खरं. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत, पण सहज डोकावणाऱ्याला काचेतलं संग्रहालय तेवढं दिसतं. पोथी पाहायची तर आधी पत्रव्यवहार करून परवानगी मिळवा, नाहीतर राजवाडा पुढच्या खेपेला ठेवा. आणि वाटेत कुठल्याही दुकानापाशी गाडी थांबवायची नाही, हे ड्रायव्हरला हॉटेलातून निघतानाच बजावा.