चिमुकल्या बेटांची पात्रता

१९५७ साली सुदानमधील खार्टूम शहरी आफ्रिका खंडाची फुटबॉल-चषक स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा मैदानात अवघे तीन संघ उतरले. दक्षिण आफ्रिकेचा संघ चौथा व्हावयाचा. परंतु काळ्या-गोऱ्यांचा एकत्र संघ धाडण्यास तेथील सरकार राजी नव्हते. त्याला वगळले गेले, हे योग्यच झाले!

पुढे अनेक देश स्वतंत्र झाले आणि चषकासाठी गर्दी वाढली. त्यामुळे मुख्य स्पर्धेपूर्वी पात्रता-सामने घ्यावे लागले. कॅमेरूनमध्ये २०२२ च्या आरंभी झालेल्या स्पर्धेत जागा चोवीस होत्या. त्यांसाठी चार-चार संघांचे बारा गट पाडण्यात आले. यजमानांची जागा निश्चितच होती. इतरांना गटात पहिले वा दुसरे येणे भाग होते. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने. एक आपल्या मैदानावर, दुसरा त्याच्या. म्हणजे बलाढ्य संघालाही दुबळ्याच्या अंगणात जावेच लागते.

हिंदी महासागरातील कोमोरोस हा चिमुकला द्वीपदेश. तो कधीच पात्र ठरला नव्हता. सात वेळा चषक जिंकलेला इजिप्त मोरोनी या त्याच्या राजधानीत आला, आणि एकही गोल न करता परतला. टोगोला कोमोरोसने टोगोच्याच भूमीवर नमविले. २५ मार्च २०२१ रोजी मोरोनीत टोगोशी पुन्हा गाठ पडली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तो एक गुण पुरेसा ठरला. चार दिवसांनी कैरोत इजिप्तने चार गोलांनी हरविले खरे, पण जागा तोवर मिळालेली होती.