सौर बंब : पाणी तापते कसे आणि बसविताना काय पाहावे?

शेतकरी कुटुंबाला आंघोळीसाठी, तसेच दुधाची भांडी व किटल्या धुण्यासाठी रोज गरम पाणी लागते. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास 4,000 किलोकॅलरी उष्णता, म्हणजेच सुमारे साडेचार युनिट वीज लागते. साध्या चुलीत बरीच उष्णता वाया जात असल्याने तेवढ्याच पाण्याला साधारण 8 ते 10 किलो वाळलेले सरपण जळते. हेच काम सौर बंब उन्हावर करतो. मात्र तो चुकीचा बसविल्यास पैसे खर्चूनही कोमट पाणीच मिळते. म्हणून त्याचे कार्य समजून घेणे जरुरीचे आहे.

रचना व कार्य

सौर बंबाचे दोन मुख्य भाग असतात : संग्राहक पेटी व उष्णतारोधक आवरण असलेली टाकी. पेटीत काळा लेप दिलेला धातूचा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. वर काच व खाली काचलोकरीसारखा उष्णतारोधक थर असतो. रोज 100 लिटर पाण्यासाठी सुमारे 2 चौरस मीटरची पेटी लागते.

ऊन काचेतून आत येते व काळा पत्रा ते शोषून तापतो. पत्र्यातून निघणारी उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. नळ्यांतील पाणी तापले की हलके होते आणि वर चढून टाकीत जाते. टाकीच्या तळाचे थंड, जड पाणी पेटीच्या खालच्या टोकाकडे उतरते. ऊन असेपर्यंत हे चक्र पंपाशिवाय चालू राहते.

बसविताना घ्यावयाची काळजी

1) गरम पाण्याच्या टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा किमान 30 सेंटिमीटर उंच असावा. टाकी खाली राहिल्यास रात्री चक्र उलटे फिरून पाणी थंड होते.

2) थंड पाण्याची टाकी गरम पाण्याच्या टाकीपेक्षा उंचावर ठेवावी.

3) पेटीचे तोंड दक्षिणेकडे असावे. महाराष्ट्रात हिवाळ्यात जास्त ऊन मिळण्यासाठी तिला 30 ते 35 अंशांचा उतार द्यावा.

4) हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावल्या लांब पडतात. दक्षिणेकडील झाड किंवा भिंत यांची सावली पेटीवर येणार नाही, याची खात्री करावी.

5) पेटीकडून टाकीकडे जाणारी नळी सतत चढती ठेवावी. मध्ये खोलगा किंवा उंचवटा राहिल्यास हवा अडकून पाणी फिरत नाही. हवा जाण्याची नळी कधीही बंद करू नये.

6) गरम पाण्याच्या नळ्यांवर उष्णतारोधक आवरण घालावे. साध्या पीव्हीसी नळ्या वापरू नयेत.

7) 100 लिटर पाण्याचेच वजन 100 किलो असते. त्यामुळे पत्र्याच्या छपरावर बंब न ठेवता वेगळा लोखंडी सांगाडा उभारावा.

पाणी क्षारयुक्त असल्यास

बऱ्याच विंधन विहिरींचे पाणी जड असते. ते तापल्यावर क्षारांचा थर धरून तांब्याच्या बारीक नळ्या बुजतात व बंब हळूहळू निकामी होतो. अशा ठिकाणी उष्णता-विनिमयक असलेला बंब किंवा निर्वात काचनळ्यांचा बंब घ्यावा. काचनळ्या रुंद असल्याने लवकर बुजत नाहीत. मात्र त्याही वेळोवेळी धुवाव्या लागतात. रिकाम्या, उन्हात तापलेल्या काचनळ्यांत थंड पाणी सोडू नये, त्या तडकतात. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरावे.

निगा

पेटीवरील धूळ आठवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना पुसावी. गळती दिसताच दुरुस्ती करावी. पावसाळ्यात ढगाळ दिवसांसाठी पर्यायी सोय ठेवावी. सायंकाळी गरम पाणी जास्त काढल्यास तेवढे थंड पाणी टाकीत येते व सकाळी पाणी कमी गरम मिळते.

बंब खरेदी करण्यापूर्वी प्रथम पाण्याची तपासणी करून घ्यावी, नंतर छतावरील ऊन व टाकीची उंची पाहावी आणि मगच बंबाचा प्रकार ठरवावा.