सलाईननं हा थकवा जाणार नाही

प्रश्न : मी जळकोट तालुक्यात राहते. वय ३८. सोयाबीनच्या काढणीला गुत्त्यावर जाते. घरी सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या आहेत, दोन मुलं शाळेत जातात. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, कंबर धरते. सलाईन लावून घेऊ का?

उत्तर : ताई, सलाईन राहू द्या. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. लोह त्यात अजिबात नसतं.

आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो आढळला. पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासाभरानंतर. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. बरं वाटलं म्हणून मनानं गोळी बंद करू नका.

गुत्त्यात पैसे एकरावर मिळतात, म्हणून बायका मध्ये उठत नाहीत. आडोसा नाही म्हणून पाणीही पीत नाहीत. यातूनच लघवीची जळजळ आणि ताप सुरू होतो. पाणी प्या, लघवी तुंबवू नका.

सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पण त्यांना एकटीनं उचलू नका. अंगाखाली चादर घालून दोघांनी मिळून सरकवा, गुडघे वाकवून. हा दुसरा माणूस रोज घरात हवा.

म्हणून पुढची चिठ्ठी तुमच्या घरच्यांसाठी. २०२४ च्या देशव्यापी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८ असं दिसलं. काढणीच्या दिवसांत रात्रीची कूस बदलणं नवऱ्याकडं, पाणी भरणं आणि भांडी मुलांकडं. जेवायला सगळे एकदम बसा, म्हणजे शेवटी उरलंसुरलं तुमच्या ताटात येणार नाही.

झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. आणि चालताना धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर काढणी संपायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.