कार्डात भरलेला पैसा : ही उचल आपण देतो



मागल्या हंगामात ऊसबिलाची चौकशी करायला आलेले एक सभासद गट कार्यालयातल्या बाकावर टेकले आणि खिशातून मोबाईल काढून म्हणाले, "हे वाचा बरं. जीप आमची चार दिवस झाले वाड्यापुढं उभी हाय, अन् टोल कापल्याचा मेसेज आलाय. गाडी जाग्यावर, मग पैसे कुठं गेले?" जिपेच्या काचेवर फास्टॅग होता आणि त्यात त्यांनी पोराकडून पाचशे रुपये भरून घेतले होते. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता : "तक्रार कुणाकडं करायची? टोलवाल्याकडं, बँकेकडं, का पोराकडं?" बाकावरची मंडळी हसली, पण धड उत्तर कोणालाच देता आले नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

फास्टॅग, मोबाईलमधले वॉलेट, सणासुदीला भेट मिळणारे गिफ्ट कार्ड ही सारी एकाच जातीची. यांना प्रीपेड म्हणतात, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि खर्च नंतर करायचा. एटीएम कार्डाने आपण आपल्याच खात्यातले पैसे काढतो. किसान क्रेडिट कार्डावर कर्ज मिळते. प्रीपेडमध्ये मात्र पैसा आपल्या खात्यातून निघून दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो आणि कार्डावर दिसतो तो फक्त त्याचा आकडा.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही उचल आहे. दसऱ्याच्या आधी मुकादमाला उचल दिली आणि दिवाळी झाली तरी टोळी फडात उतरली नाही, की वाहनमालकाची काय अवस्था होते हे आपण पाहिलेले आहे. ज्याने पैसे आधी दिले त्याची बाजू लंगडी. कार्डाच्या व्यवहारात उचल देणारे आपण आणि मुकादम म्हणजे कार्ड देणारी कंपनी.

बरे, या उचलीवर व्याजही नाही. वॉलेटमधल्या शिलकीवर व्याज देता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे दिले नाहीत, तर पुढे १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. ते व्याज पदरात पाडून घ्यायला किती हेलपाटे पडतात हा वेगळा विषय, पण निदान हक्क तरी आहे. कार्डात पैसा वर्षभर पडून राहिला तरी व्याज शून्य.

पैसा सुरक्षित तरी असतो का? बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. १९६२ साली ते १५०० रुपयांचे होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचे झाले. (पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.) बँक नसलेल्या कंपनीचे वॉलेट ही बँकेतली ठेव नव्हे, म्हणून त्यालाही हा विमा नाही. त्याऐवजी नियम असा आहे की कंपनीने ग्राहकांचे पैसे एका बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि ते आपल्या धंद्यात वापरायचे नाहीत. म्हणजे कुंपण आहे, पण विम्याइतके उंच नाही.

याचा धडा २०२४ साली मिळाला. ३१ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला हुकूम दिला, की २९ फेब्रुवारीनंतर खात्यात, वॉलेटमध्ये किंवा फास्टॅगमध्ये नवा भरणा घ्यायचा नाही. पुढे ही मुदत १५ मार्चपर्यंत वाढवली. असलेली शिल्लक वापरायला किंवा काढायला मोकळीक होती, पैसा बुडाला नाही. पण शिल्लक संपली की टॅग निकामी, दुसऱ्या बँकेचा घ्यावा लागला. ज्यांनी गरजेपुरतेच भरले होते त्यांची निभावली, ज्यांनी मोठी रक्कम भरून ठेवली होती त्यांना घोर लागला.

आता खर्चाचे बघू. आकारणी कंपनीगणिक वेगळी, म्हणून नमुन्यादाखल हिशेब मांडतो. समजा १०,००० रुपये भरले. कार्ड काढायचे १५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७, झाले १७७. नंतर त्यातले ५,००० परत बँक खात्यात घ्यायचे ठरले आणि कंपनी २ टक्के घेते असे धरले, तर १०० आणि कर १८. कार्ड हरवले, नवे घेतले, पुन्हा १०० आणि १८. एकूण ४१३ रुपये गेले आणि अजून किराण्याची पुडीसुद्धा घेतलेली नाही. हेच पैसे बचत खात्यात अडीच टक्क्यांनी असते, तर वर्षाला २५० रुपये आले असते. सगळी आकारणी, मुदत आणि तक्रारीचा फोन नंबर कार्ड देतानाच सोप्या भाषेत सांगणे कंपनीला बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्या. "कागद नाही, ॲपमध्ये बघा" असे उत्तर आले, तर तिथेच पोराला उघडायला लावा.

यात एक आवई निस्तरून टाकतो. मार्च २०२३ अखेर गावोगावी बोलले जाऊ लागले, की फोनवरून २,००० च्या वर पैसे दिले की १.१ टक्का कापणार. खरी गोष्ट अशी होती, की वॉलेटमधून यूपीआयने २,००० च्या वर दुकानदाराला दिले, तर दुकानदाराच्या बाजूला ०.५ ते १.१ टक्क्यापर्यंत आकार ठरला होता. देणाऱ्या गिऱ्हाइकाला काही नव्हते. बँक खात्यातून थेट पैसे देण्याशी तर त्याचा संबंधच नव्हता.

रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी या कार्डांसाठी एकत्रित सूचना काढल्या. त्याप्रमाणे जुजबी माहितीवर निघणाऱ्या छोट्या वॉलेटमध्ये १०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, पुरी कागदपत्रे दिली तर २ लाखांपर्यंत. गिफ्ट कार्ड १०,००० पर्यंतच, आणि त्यात पुन्हा भरता येत नाही. शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष कार्ड चालले पाहिजे. मुदत संपण्याच्या आधीच्या ४५ दिवसांत कंपनीने सूचना दिली पाहिजे. मुदत संपली म्हणून पैसा लगेच कंपनीचा होत नाही. बँक नसलेल्या कंपनीला तो निदान तीन वर्षे आपल्या नफ्यात ओढता येत नाही, तोवर अर्ज करून परत मागता येतो. जुनी कार्डे कपाटात असतील तर काढून तारखा बघा.

सर्वांत कामाची गोष्ट तीन दिवसांची. कार्डातून किंवा वॉलेटमधून परस्पर कोणी पैसे काढले आणि चूक कंपनीची असेल, तर तुमचा तोटा शून्य, तुम्ही कळवा अगर न कळवा. चूक ना तुमची ना कंपनीची, मधल्याच कोणाची असेल, तर मेसेज आल्यापासून तीन दिवसांत कळवले तरी तोटा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर गेलेली रक्कम किंवा १०,००० यांत जे कमी ते तुमच्या अंगावर. सात दिवस उलटले की कंपनीच्या धोरणावर. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र कंपनीचे. कळवल्यापासून १० दिवसांत तेवढी रक्कम तुमच्या नावे दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यात आहे. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करायचे ओझे कंपनीवर. आपली अडचण ही की मेसेज इंग्रजीत येतो आणि आपण तो आठ दिवसांनी कोणाला तरी दाखवतो. फसवणूक असेल तर १९३० या नंबरावरही लगेच फोन करावा.

फास्टॅगचा मार्ग वेगळा. शहागड, वडीगोद्रीवरून जाणारा ५२ नंबरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. अशा रस्त्यावरचा टोल चुकीचा कापला तर १०३३ वर फोन करायचा. उभ्या गाडीचा टोल कापण्याचे प्रकार देशभर झालेले आहेत आणि अशा चुकीला टोल घेणाऱ्या ठेकेदाराला एक लाख रुपये दंड ठेवलेला आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण तो राज्याचा. तिथल्या चुकीसाठी टॅग देणाऱ्या बँकेकडे जावे. हाच फरक वार्षिक पासाला लागू आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा पास सुरू झाला, तो खाजगी मोटार-जिपेला आणि केंद्राच्या रस्त्यांवरच. पास काढून समृद्धीवर गेलेल्यांचा टोल नेहमीसारखा कापला गेला.

कंपनीने किंवा बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फोन १४४४८, फी नाही. त्यापुढे जालन्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी पडत नाही. दोन वर्षांच्या आत जावे.

त्या सभासदांचे पुढे असे झाले. मेसेजात नाव होते ते दूरच्या एका राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्याचे. १०३३ वर फोन केला, बँकेतही अर्ज दिला. बँकेने पहिली गोष्ट मागितली ती मेसेज आल्याची तारीख आणि वेळ. त्यांनी तो मेसेज पुसलेला नव्हता. नवव्या दिवशी पैसे टॅगमध्ये परत आले, आणि त्याचा मेसेज त्यांनी कार्यालयात येऊन सगळ्यांना दाखवला.