कुत्र्याची खाज आणि तुमचा व्यवसाय : एक आंघोळ विकू नका, तीन महिन्यांची योजना विका

मुक्ताईनगर, बोदवड, रावेर भागात कमी भांडवलात काय सुरू करता येईल, असं बरेच जण विचारतात. त्यातला एक पर्याय म्हणजे पाळीव कुत्र्यांना घरी जाऊन आंघोळ घालणं आणि त्यांची स्वच्छता. लॅब्राडोर, पामेरियन आता फक्त जळगाव-भुसावळच्या फ्लॅटमध्ये नाहीत, केळीवाल्या शेतकऱ्याच्या अंगणातही आहेत.

यात तुमचा पहिला ग्राहक बहुतेक हेच म्हणेल : "भाऊ, याले लय खाज सुटेल आहे, कायतरी करा." तुम्ही आंघोळ घातली, पैसे घेतले आणि आठ दिवसांनी कुत्रं पुन्हा खाजवायला लागलं, तर तो ग्राहक गेला. छोट्या गावात एक गेला की त्याच्या गल्लीतले चार जातात. म्हणून आजचा धडा खाजेचा आहे.

1. खाज कशाची, ते आधी समजून घ्या

पिसू चावते तेव्हा तिची लाळ कुत्र्याच्या कातडीत जाते. काही कुत्र्यांना या लाळेचीच ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, खाज मात्र कित्येक दिवस टिकते. त्यामुळे "अंगावर एकही पिसू दिसत नाही, मग पिसवांची ॲलर्जी कशी?" हा मालकाचा प्रश्न तुम्हाला हमखास येणार. कुत्रं चाटून-चावून पिसवा काढून टाकतं, म्हणून त्या दिसत नाहीत.

जागा बघा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला केस गेलेत आणि कातडी लाल आहे, तर पिसवांचा संशय घ्या. कानाच्या कडा आणि कोपरं जास्त खराब असतील तर खरूज असू शकते. ती माणसालाही लागू शकते, तेव्हा हातमोजे घाला आणि आधी डॉक्टरांकडे पाठवा.

सोपी चाचणी : बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती लालसर-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. हे ग्राहकासमोर करा. दहा मिनिटं बोलून जो विश्वास बसत नाही, तो त्या कागदाने बसतो.

2. पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

संपूर्ण धड्यातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. ती अंडी चिकटून राहत नाहीत, कुत्रं झोपतं-फिरतं तिथे गळून पडतात. त्यातून अळ्या निघतात आणि अंधाऱ्या फटीत शिरतात. पुढे अळी कोश करते. कोशातल्या पिसूवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, आणि ती कित्येक आठवडे, कधी काही महिनेही तशीच थांबू शकते. साधारण हिशेब असा की कुत्र्यावर दिसतात त्या 5 टक्के; बाकी 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोश घरात असतात.

दिवाळीला लोक पंधरा दिवस पुण्याला-सुरतेला जातात, परत येऊन घर उघडतात आणि पाय चावायला लागतात. कारण चालण्याचा कंप, अंगाची ऊब आणि श्वास मिळाला की कोशातल्या पिसवा बाहेर येतात.

"आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री, पिसवा मरत नाहीत का?" उघड्या, कोरड्या अंगणात अळ्या टिकत नाहीत, हे खरं. पण कूलरजवळचा ओलावा, गोठ्याची सावली, पाण्याच्या टाकीखालची जागा, सोफ्याची फट इथे त्या आरामात जगतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत तर जोरच असतो.

3. तुमचं काम : चार गोष्टी

*आंघोळ.* पाणी थंड किंवा जेमतेम कोमट घ्या. गरम पाण्याने खाज वाढते. फेस आधी मानेभोवती करा, नाहीतर पिसवा पळून कान-डोळ्यांकडे जातात. कुत्र्यांचाच सौम्य शाम्पू वापरा. माणसांचा नको, त्याने कातडी कोरडी पडते. शाम्पू 5 ते 10 मिनिटं ठेवून पूर्ण धुवा. गरम हवेचा ड्रायर नको, टॉवेलने टिपा.

*फणी.* विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. प्रत्येक कुत्र्यानंतर फणी आणि टॉवेल धुवा. एका घरच्या पिसवा दुसऱ्या घरी तुम्हीच पोहोचवल्या, असं व्हायला नको.

*घर.* अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचं. झोपायच्या जागेचा रोज झाडू, फरशीच्या फटी आणि सोफ्याखालीसुद्धा. ही यादी छापून ग्राहकाला द्या.

*सगळे प्राणी.* घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यांचाही इलाज एकाच वेळी व्हायला हवा. पण लक्षात ठेवा, कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरासाठी विष आहे.

4. तुमचं काम कुठे संपतं

पिसवा मारणारी खरी औषधं म्हणजे मानेवर सोडायचे थेंब किंवा चघळायच्या गोळ्या. कोणतं, किती, कोणत्या वजनाला, हे डॉक्टर ठरवतील. खाज लवकर थांबवायचं औषधही तेच देतील. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार प्राण्यांवर उपचार करणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. औषधं विकायला औषध व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 खालचा परवाना लागतो. शाम्पू, फणी, पट्टा विका. गोळी-इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका.

जखमेतून पू, घाण वास, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, गाभण कुत्री किंवा लहान पिल्लू, यातलं काही असेल तर आंघोळ न घालता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खासगी डॉक्टरांकडे पाठवा. त्या दिवशीचे पैसे गेले तरी चालतील.

आणि आपल्या भागासाठी खास : कापूस-केळीवर फवारायचं औषध कुत्र्याला लावलं तर लाळ गळून, झटके येऊन ते मरू शकतं. घरात पंप आणि डबा असतोच, म्हणून लोक हा प्रयोग करतात. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने, रॉकेल, फिनेल, हेही नको. ग्राहकाने आग्रह केला तरी स्पष्ट नाही म्हणा.

5. आता हिशेब

आकडे फक्त समजण्यासाठी, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा एका आंघोळीचे 400 रुपये. शाम्पू, पेट्रोल, टॉवेल धुणं मिळून खर्च 130. उरले 270.

आता तीन महिन्यांची योजना : चार भेटी, म्हणजे पहिला दिवस, पंधरावा दिवस, मग महिन्याला एक. दर भेटीला 350, एकूण 1,400. खर्च 520. उरले 880. प्रत्येक भेटीमागे 50 रुपये कमी मिळाले, पण नवा ग्राहक शोधायची दगदग वाचली. असे दहा ग्राहक म्हणजे तीन महिन्यांत 8,800. यावर घर चालणार नाही, म्हणून सुरुवात जोडधंदा म्हणून करा.

तीनच महिने का? कारण कोशातून नव्या पिसवा निघत राहतात. तो साठा संपायला साधारण एवढा काळ लागतो. म्हणजे ही योजना ग्राहकाला बांधून ठेवायची युक्ती नाही, त्याच्या कुत्र्याची ती गरज आहे. थेंबांचं औषध लावलं असेल तर साधारण दोन दिवस आधी-नंतर आंघोळ नको, म्हणून तारखा डॉक्टरांच्या औषधाप्रमाणे ठरवा.

पहिल्याच दिवशी सांगून टाका : "पंधरा दिवसांत पुन्हा पिसवा दिसतील. त्या जुन्या कोशातल्या असतील. घाबरू नका, सफाई आणि औषध थांबवू नका." आधी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

सुरुवातीला एवढं करा

- उद्यम नोंदणी ऑनलाइन, मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.
- कुत्र्यांत काम करायचं तर रेबीजची लस आधीच घ्यायची असते. डॉक्टरांना विचारा.
- प्रत्येक कुत्र्याचं कार्ड ठेवा : वजन, खाजेची जागा, औषधाची तारीख, पुढची भेट.

आजचा गृहपाठ : ओळखीच्या पाच कुत्रेवाल्यांकडे जा. काही विकू नका. फणी आणि ओल्या कागदाची चाचणी करून दाखवा आणि घराच्या सफाईची यादी देऊन या. पाचांपैकी कोणी स्वतःहून "पुढे काय करायचं?" विचारलं, तर तो तुमचा पहिला ग्राहक.