तीनशे सदस्य, तरी परकेपणा

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही तीनशे जण आहोत. रोज शुभेच्छांचा पाऊस पडतो, पण आपलेपणा वाटत नाही. काय कमी पडतं?

उत्तर : सगळ्यांनी मिळून सांभाळावं असं काही तुमच्याकडे आहे का, ते आधी बघा. मराठी विकिपीडिया २००३ पासून अशा कामावरच उभा आहे. एकाने लिहिलेला लेख दुसरा सुधारतो, प्रत्येक बदलाची नोंद राहते, मतभेद लेखाच्या चर्चापानावर किंवा ‘चावडी’ या सर्वांच्या सामायिक चर्चेच्या पानावर उघडपणे मांडता येतात. समोरच्याला कधी पाहिलेलं नसलं, तरी कोण भरवशाचं हे त्याच्या कामातून कळतं. भांडणानंतरही माणूस परत येऊन काम करू शकतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तुम्ही टँकरचा हिशेब, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची औषधं अशी कामं आळीपाळीने वाटून घ्या. ॲडमिनही दरवर्षी बदला.