बाजार उठला, वस्तीचे काय?

लंडन हे इंग्लंडच्या राजधानीचे शहर. त्या शहराच्या ऐन मध्यावर कॉव्हेंट गार्डन नावाची पेठ आहे. फार पूर्वी तेथे मठातल्या साधूंची भाजीची बाग होती. त्यावरूनच हे नाव पडले. पुढे तेथे भाजी, फळे आणि फुले यांचा मोठा बाजार भरू लागला. आपला बाजार आठवड्याचा. हा रोजचा, आणि तोही रात्रीचा! मध्यरात्री माल यायचा. हमाल डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन चालायचे. उजाडले की दुकानदार माल घेऊन आपल्या वाटेला लागायचे.

बाजाराभोवती अरुंद गल्ल्या होत्या. त्यांत जुनी घरे, छापखाने, लहान दुकाने, नाटकगृहे. सुमारे तीन हजार माणसे तेथे राहत. त्यांत भाडेकरूच पुष्कळ.

बाजार वाढला, तशा मालाच्या मोटारी वाढल्या. गल्लीत मोटार शिरली की पुढे जाईना, मागे येईना. तेव्हा बाजार नदीपलीकडे मोकळ्या जागेत न्यायचे ठरले. यात गैर काही नव्हते.

पण मग रिकाम्या होणाऱ्या जागेचे काय करायचे?

१९६८ साली बृहन् लंडन कौन्सिलने एक योजना मांडली. कौन्सिल म्हणजे त्या वेळची तिथली मोठी नगरपालिकाच म्हणा. निम्म्याहून जास्त जुनी वस्ती पाडायची, आणि तेथे रुंद रस्ते, हॉटेले, कचेऱ्या व मोठे सभागृह बांधायचे, असा बेत होता. खर्च कोट्यवधी पौंडांचा. पौंड म्हणजे तिकडचे नाणे, जसा आपला रुपया.

आता नकाशा म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक आहे. घारीला वरून जमीन दिसते, तसे ते चित्र असते. कागदावर रस्त्याची एक रेघ ओढायला किती वेळ लागतो? पण त्या रेघेखाली कोणाची तरी चूल असते. लोकांनी नकाशा पाहिला, तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आले.

१९७१ साली रहिवाशांनी आपला संघ काढला. सभा भरल्या, मोर्चे निघाले. त्याच वर्षी सरकारने जाहीर चौकशी ठेवली. जाहीर चौकशी म्हणजे दोन्ही बाजूंनी सर्वांसमोर आपले म्हणणे मांडायचे. कौन्सिल म्हणे, घरे जुनी झाली, रस्ते अपुरे आहेत, शहराने पुढे जायचे की नाही? लोक म्हणत, जावे की! पण नव्या इमारतीचे भाडे आम्हांला परवडेल का? आम्ही जायचे कोठे?

दोघांचेही बोलणे अगदीच खोटे नव्हते. म्हणून तर वाद चिघळला.

गंमत अशी, की कौन्सिलच्याच नोकरीतले एक आराखडा करणारे, ब्रायन ॲन्सन, लोकांच्या बाजूला आले. या कामाच्या समितीच्या अध्यक्षा लेडी डार्टमथ यांनीही १९७२ साली राजीनामा दिला. बाई काही चळवळ्या नव्हत्या, चांगल्या सरदार घराण्यातल्या. त्यांनाही योजना पटेना, याचे वजन मोठे होते.

१९७३ साली मंत्र्यांनी निकाल दिला. मोठा चतुर निकाल! योजना नावाला मंजूर केली. पण त्याच वेळी सुमारे २५० इमारती जपण्याच्या यादीत घातल्या. यादीतली इमारत सहजासहजी पाडता येत नाही. मग रुंद रस्ते जायचे कोठून? योजना तेथेच अडली, आणि पुढे नवी करावी लागली.

१९७४ च्या नोव्हेंबरात बाजार नदीपलीकडे गेला. बाजाराची १८३० सालची इमारत मात्र राहिली. डागडुजी होऊन १९८० साली तेथे दुकाने उघडली. पेठेत रहिवाशांसाठी काही घरेही बांधली गेली.

म्हणजे लोक जिंकले का? घरे वाचली, हे खरे. पण जागा नामांकित झाली. देशोदेशीचे प्रवासी येऊ लागले. दुकानांची भाडी चढली. किराणा, लोखंडी सामान अशी रोजच्या गरजेची दुकाने हटली, आणि शोभेच्या वस्तूंची दुकाने आली. भाडे किती वाढेल, हे कोणत्याच नकाशात दाखवलेले नव्हते. रहिवाशांचा तो संघ बाजार गेल्यावरही मोडला नाही. नव्या इमारतीचा किंवा हॉटेलाचा अर्ज आला, की तो वाचायचा आणि हरकत असेल तर लेखी कळवायची, हे काम त्याने पुढेही चालू ठेवले.